रिफंड आला म्हणजे दावा मान्य झाला, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो : "मुलामागे २२०० डॉलर मिळतात ना? मग आमच्या रिटर्नमध्ये पाचशेच का दिसतात?" त्याखाली उत्तरांची रांग लागते. त्यातली बरीचशी २०१७ सालच्या नियमांवर दिलेली असतात आणि उरलेली "आमच्याकडे तर आले बुवा" या जातीची. ही दुसरी जात जास्त धोक्याची. हे पत्र मराठी वृत्तपत्राला लिहिण्याचे कारण असे, की आपला अंक तिकडे निघालेली, तिकडून परत आलेली आणि नातवंडे तिकडे असलेली कुटुंबे वाचतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधल्या, म्हणजे मुलामागे मिळणाऱ्या या करसवलतीतल्या, कितीतरी चुकांचे मूळ इकडेच असते : पासपोर्टवरच्या नावात, ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यात, वर्षभर आजीकडे राहिलेल्या नातवंडात.

"आमच्याकडे तर आले" याचा अर्थ एवढाच, की आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या, संगणकाने पहिल्या चाळणीत काही अडवले नाही. रिटर्न दाखल झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत पैसे खात्यात येतात, पण तपासणी करून जादा कर आकारायला आयआरएसला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. दावा फसवणुकीचा असेल तर मुदतच नाही. तेव्हा मार्चमध्ये आलेला रिफंड दीड वर्षाने पत्रासह परत मागितला जातो, तो दिवसागणिक चक्रवाढ होणाऱ्या व्याजासकट. निष्काळजीपणा दिसला तर कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड वेगळा. त्याहून जड शिक्षा म्हणजे बंदी. नियमांकडे बेपर्वाईने काणाडोळा केला असे ठरले तर दोन वर्षे, फसवणूक ठरली तर दहा वर्षे हे क्रेडिट मागताच येत नाही, पुढे कितीही पात्र असलात तरी.

आता मूळ नियम. २०२५ या करवर्षासाठी, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या रिटर्नसाठी, एका पात्र मुलामागे २२०० डॉलरपर्यंत क्रेडिट आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ते २००० वरून वाढले. ही आपल्या ८० सीसारखी वजावट नव्हे. वजावटीने करपात्र उत्पन्न घटते, क्रेडिट थेट करातून वजा होते. कर शून्य झाल्यावरही जो भाग हातात मिळू शकतो तो १७०० डॉलरपर्यंत, आणि त्याचे गणित कमाईच्या २५०० डॉलरवरील रकमेच्या १५ टक्क्यांनी चालते. ३१ डिसेंबरला मूल १७ वर्षांच्या आतले हवे, अर्ध्या वर्षाहून अधिक काळ तुमच्यासोबत राहिलेले हवे, तुमच्यावर अवलंबून हवे, आणि अमेरिकेचे नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी हवे. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेले बाळही पूर्ण वर्षाचे धरतात. उलट डिसेंबरात सतरावा वाढदिवस झाला की २२०० जातात आणि ५०० उरतात.

हे ५०० काय आहेत? "इतर अवलंबितांसाठीचे क्रेडिट". कर शून्यापर्यंत आणण्यापुरतेच ते वापरता येते, रोख मिळत नाही. एच-फोर व्हिसावरच्या (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) बहुतेक मुलांच्या वाट्याला हेच येते, कारण २०१८ पासून मोठ्या क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीस ग्राह्य असा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. आयटिन, म्हणजे ज्यांना तो नंबर मिळत नाही त्यांना आयआरएस करापुरता देते तो क्रमांक, चालत नाही. २०१७ पर्यंत आयटिनवाल्या मुलालाही तेव्हाचे १००० डॉलर मिळत. गटांवर अजून फिरणारा सल्ला तिथला. २०२५ पासून भर अशी, की आईवडिलांपैकीही निदान एकाकडे असा नंबर हवा. एच-१बीवर नोकरी करणाऱ्याकडे तो असतोच, त्यामुळे ही अट आपल्या बहुतेक घरांना जाचत नाही.

मुलाच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर काय छापले आहे ते मात्र डोळे उघडून वाचा. काहीच छापलेले नसेल तर उत्तम. "गृहसुरक्षा विभागाच्या परवानगीनेच कामास ग्राह्य" असे असेल तर ती परवानगी जिवंत आहे तोवर नंबर क्रेडिटला चालतो. "नोकरीस ग्राह्य नाही" असे असेल तर चालत नाही. पण मूल नंतर ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक झाले असेल तर सोशल सिक्युरिटी कार्यालयातून त्या ओळीशिवायचे नवे कार्ड आधी काढून घ्या.

इथे एक वाट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या कुटुंबांचा ग्रीन कार्डचा अंतिम टप्प्याचा अर्ज, आय-४८५, दाखल होऊन ग्रीन कार्डच्या रांगेतल्या तारखेच्या प्रतीक्षेत पडला आहे (ऑक्टोबर २०२० मध्ये तारखा एकदम पुढे सरकल्या तेव्हा अनेक भारतीयांनी तो भरला), त्यांची मुले त्या अर्जाच्या आधारे आय-७६५ भरून कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागू शकतात. मूल चार वर्षांचे असले तरी. परवाना मिळाला की त्याच्या आधारे सोशल सिक्युरिटी नंबर घेता येतो आणि ते मूल ५०० वरून २२०० च्या रांगेत जाते. परवान्याची मुदत संपू देऊ नका, कारण तो संपला की त्या कार्डाचा क्रेडिटसाठीचा आधारही संपतो.

मात्र नंबर केव्हा मिळाला याला नंबराइतकेच महत्त्व आहे. तो रिटर्नच्या मुदतीच्या आत दिलेला हवा, आणि या मुदतीत वाढीव मुदतही धरतात. म्हणजे मुलाचा अर्ज वाटेत असेल तर १५ एप्रिलला घाईने ५०० वर समाधान मानून रिटर्न भरू नका. फॉर्म ४८६८ भरा, मुदत १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाते. त्याआधी नंबर आला की २०२५ चे पूर्ण क्रेडिट घेता येते. ही वाढ कागद भरण्याला मिळते, कर भरण्याला नाही. जो कर निघेल तो एप्रिलमध्येच अंदाजाने भरून टाकावा. आणि मुदत गेल्यावर नंबर आला तर मागे वळून काही मिळत नाही. आज नंबर मिळाला म्हणून २०२३ आणि २०२४ चे रिटर्न १०४०-एक्सने दुरुस्त करून फरक मागणे हा सध्या सर्वांत जास्त फिरणारा चुकीचा सल्ला आहे. तो दावा नाकारला जातोच, वर तुमच्या नोंदीत एक नकार बसतो.

नंबर असूनही दावा अडतो तो नावामुळे, आणि ही खास आपली मराठी अडचण. मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव, ही आपली रीत तिकडच्या यंत्रणेला कळत नाही. पासपोर्टच्या दिलेल्या नावाच्या रकान्यात मुलाचे आणि वडिलांचे नाव एकत्र, आडनाव कधी रिकामे, कधी चुकून वडिलांचे नावच आडनावाच्या जागी. आयआरएस नंबर आणि आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे जुळवून पाहते. कार्डावर "कुलकर्णी" असेल आणि रिटर्नमध्ये आडनाव म्हणून "सचिन" गेले, तर इलेक्ट्रॉनिक रिटर्न परत येते. कागदी भरले तर क्रेडिट गाळून हिशेब येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आईचेही तेच : पासपोर्ट सासरच्या नावाचा, सोशल सिक्युरिटीची नोंद माहेरची. रिटर्नमध्ये नेहमी कार्डावरचेच नाव, अक्षर न् अक्षर. बदल हवा असेल तर आधी कार्ड बदला, मग रिटर्न.

आयटिन काढताना कागद अडतात. फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडून टेक्सासमधल्या ऑस्टिनला टपालाने जातो. त्या वर्षीचे रिटर्न इलेक्ट्रॉनिक होत नाही. मुलासाठी नुसता पासपोर्ट पुरत नाही, त्यावर अमेरिकेत प्रवेशाची तारीख दिसायला हवी. हल्ली शिक्का मारला जाईलच असे नाही, म्हणून विमानतळावर आठवणीने मागा. शिक्का नसेल तर सहा वर्षांखालच्या मुलासाठी अमेरिकेतल्या डॉक्टरची नोंद आणि त्यावरच्या शाळकरी मुलासाठी शाळेची नोंद जोडावी लागते. पासपोर्टची साक्षांकित झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत किंवा ज्याने दस्त दिला त्याच खात्याने प्रमाणित केलेली प्रत लागते. मूळ पासपोर्ट टपालात टाकायचा धीर होत नसेल तर आयआरएसने नेमलेल्या सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंटकडे जा. तो मुलाचा पासपोर्ट व जन्मदाखला पाहून जागेवर परत देतो. जन्मदाखला इकडून नेणार असाल तर त्यावर मुलाचे नाव आहे का ते आत्ताच बघा. इस्पितळातून नोंद झाली तेव्हा नावाचा रकाना कोरा राहिलेले दाखले घराघरांत आहेत. फक्त मराठीत असलेल्या दाखल्याबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतर ठेवा. आणि हे सारे सोपस्कार मुदतीच्या आत. आयटिन सलग तीन वर्षे कोणत्याही रिटर्नवर वापरला गेला नाही तर तो बाद होतो, हे भारतात काही वर्षे राहून परतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मुलाला पुढे सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला की आयटिन वापरणे बंद करून तसे आयआरएसला पत्राने कळवावे लागते, नाहीतर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात.

आता दिवसांचा हिशेब. एच-फोरवरचे मूल नागरिक नसते, म्हणून ते "रहिवासी" आहे की नाही हे हजेरीवर ठरते : चालू वर्षाचे सगळे दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याच्या मागील वर्षाचा सहावा हिस्सा मिळून १८३ भरले पाहिजेत, शिवाय चालू वर्षाचे किमान ३१ हवेत. आधी कधीच न गेलेले मूल २ जुलैला उतरले आणि वर्ष संपेपर्यंत हलले नाही तर बरोबर १८३ दिवस होतात. ३ जुलैला उतरले तर १८२, म्हणजे २२०० सोडा, साधारणपणे ५०० सुद्धा नाहीत. १० ऑगस्टला, शाळा सुरू व्हायच्या बेताने, आलेल्या मुलाचे १४४ च होतात. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, पण दिवाळीला तीन आठवडे पुण्याला येऊन गेलात तर मधले दिवस गळतात. एफ-२ वरच्या (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलाचे दिवस तर सहसा मोजलेच जात नाहीत.

इथे एक गैरसमज पार हिशेबनिसांपर्यंत पोहोचला आहे. नवरा रहिवासी आणि बायको अजून अनिवासी असेल तर दोघांना मिळून रहिवासी म्हणून संयुक्त रिटर्न भरण्याचा पर्याय कायद्यात आहे. तो घेतला की मुलेही आपोआप रहिवासी झाली असे धरून ५०० लावले जातात. हा पर्याय पतिपत्नींपुरताच आहे, मुलांची हजेरी स्वतंत्र मोजतात. उशिरा आलेल्या मुलासाठी "पहिल्या वर्षाची निवड" नावाचा वेगळा मार्ग काही अटींवर खुला असतो. त्यासाठी पुढच्या वर्षी हजेरीची कसोटी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे पुन्हा फॉर्म ४८६८.

मग आजी-आजोबा. अमेरिकेत जन्मलेले बाळ सहा-आठ महिन्यांचे झाले की आईची रजा संपते आणि बाळ सांगलीला किंवा ठाण्याला येते. बाळ नागरिक आहे, नंबर आहे, वय आहे, मग क्रेडिट का जाते? राहण्याच्या अटीमुळे. सुटी, शाळा, औषधोपचार यांसाठीची तात्पुरती गैरहजेरी तुमच्या घरी राहिल्यासारखीच धरतात, पण मूल परत येणार हे उघड दिसायला हवे. उन्हाळ्याचे तीन महिने आजोळी, हरकत नाही. मार्चमध्ये आणलेले बाळ पुढच्या वर्षी कधीतरी नेऊ, लसीकरण इकडे, प्लेग्रुप इकडे, तर त्याचे घर आजीचे घर झाले असे आयआरएसने म्हटल्यास त्याला उत्तर देणे अवघड. अशा वेळी त्या नागरिक बाळाचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल तर निदान ५०० डॉलरचे क्रेडिट बसू शकते. २२०० लावून नंतर परत करण्यापेक्षा ते बरे. एच-फोरवरच्या मुलाला वर्षभर इकडे ठेवले असेल तर मात्र तेही नाही, कारण हजेरीच नाही.

आईवडील सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आले म्हणून त्यांचेही ५००-५०० लावणारे आहेत. हजेरी आणि आयटिन हे दोन अडथळे आहेतच, शिवाय २०२५ साठी अशा अवलंबिताचे एकूण उत्पन्न ५२०० डॉलरच्या आत हवे. इकडचे पेन्शन, ठेवींचे व्याज आणि फ्लॅटचे भाडे मिळून ती रेघ किती सहज ओलांडली जाते हे हिशेब मांडल्यावर कळते.

पाळणाघराचे क्रेडिट वेगळे आहे आणि त्याकडे एच-फोर मुलांचे पालक उगाच पाठ फिरवतात. तेरा वर्षांखालच्या मुलाच्या सांभाळावर एका मुलासाठी ३००० आणि दोन वा अधिक मुलांसाठी ६००० डॉलरपर्यंतचा खर्च फॉर्म २४४१ वर धरता येतो. २०२५ साठी त्याच्या २० ते ३५ टक्के क्रेडिट, आणि यात मुलाचा आयटिन चालतो. अडचण दुसरीकडे आहे : आईवडील दोघांचीही कमाई हवी, किंवा एक जण पूर्णवेळ विद्यार्थी हवा. एच-फोरवर कामाची परवानगी नसलेली आई घरी असेल तर हे क्रेडिट शून्य. सांभाळाच्या खर्चासाठी पगारातून कंपनीच्या डिपेंडंट केअर खात्यात करमुक्त वळवलेले पैसेही मग करपात्र होतात. दोघे कमावते असतील तर तेच डॉलर दोनदा मोजू नयेत. खात्यातून ५००० गेले असतील (कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक पगारपत्रकाच्या, डब्ल्यू-२ च्या, दहाव्या चौकटीत ते दिसतात) तर दोन मुलांच्या ६००० पैकी १००० च उरतात. सांभाळणाऱ्याचा कर क्रमांक द्यावा लागतो, तो फॉर्म डब्ल्यू-१० वर मागून घ्या. व्हिजिटर व्हिसावरच्या आजीला "पगार" दाखवून हा खर्च लावायचा विचार मनातही आणू नका. तिला तिथे काम करण्याचा परवाना नसतो, आणि करातले तीन-चारशे डॉलर वाचवताना तिचा पुढचा व्हिसा पणाला लागतो.

पैसे परत करायची पाळी प्रत्येक वेळी रिटर्नमुळेच येते असे नाही. ती नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेल्या डब्ल्यू-४ मुळेही येते, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या फॉर्ममुळे. त्याच्या तिसऱ्या पायरीत २०२६ साठी १७ वर्षांखालच्या मुलामागे २२०० आणि इतर अवलंबितामागे ५०० लिहायचे असतात, आणि तेवढा कर वर्षभरात कमी कापला जातो. नंबराची अट फॉर्मसोबतच्या सूचनांत असते आणि ती वाचली जात नाही, म्हणून एच-फोरवरची दोन मुले असलेला नवरा ४४०० लिहितो. ईएडीवर नोकरी करणारी बायकोही आपल्या कंपनीत ४४०० लिहिते. कापला गेलेला कर ८८०० नी कमी, प्रत्यक्ष क्रेडिट १०००. एप्रिलमध्ये ७८०० डॉलरची खोट, वर कमी कर भरल्याचा दंड. उपाय सोपा आहे : जास्त पगाराच्या एकाच नोकरीच्या डब्ल्यू-४ वर तिसरी पायरी भरायची, दुसऱ्यावर ती कोरी, आणि आयटिनवाल्या मुलामागे ५०० च.

वरच्या उत्पन्नाचे थोडक्यात. संयुक्त रिटर्नला ४ लाख आणि बाकी सर्वांना २ लाख डॉलरनंतर दर हजारामागे, किंवा हजाराच्या तुकड्यामागेही, ५० डॉलर क्रेडिट घटते. सिएटल वा बे एरियातल्या दोन पगारांच्या घरात कंपनीने दिलेले शेअर हाती पडले की ही रेघ नकळत ओलांडली जाते. उत्पन्न ४ लाख २५ हजार ३०० असेल तर जादा २५,३०० चे २६ हजार धरतात, २६ गुणिले ५० म्हणजे १३०० गेले. दोन मुलांचे ४४०० होते, उरले ३१००. पतिपत्नींनी वेगळी रिटर्ने भरली तर मर्यादा प्रत्येकी २ लाखच, आणि मूल दोघांपैकी एकाच्याच रिटर्नवर.

घटस्फोटितांमध्ये ज्याच्या घरी मूल वर्षातल्या जास्त रात्री झोपले त्याचा हक्क. रात्री सारख्या असतील तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा. दुसऱ्याला द्यायचे असेल तर सही केलेला फॉर्म ८३३२ लागतो. न्यायालयाच्या निकालपत्रातले वाक्य आयआरएसला पुरत नाही, कौटुंबिक न्यायालय पुण्याचे असो की न्यू जर्सीचे.

एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी असतात. त्यांचा फॉर्म १०४०-एनआर. बाजारातली लोकप्रिय सॉफ्टवेअरे न विचारता रहिवाशांचा साधा १०४० भरून देतात आणि त्यावर संयुक्त रिटर्न, मोठी क्रेडिटे असे सगळे लावतात. रिफंड भरघोस दिसतो. तो पुढे सगळाच्या सगळा परत द्यावा लागतो, आणि चुकीचा फॉर्म भरल्याचे ग्रीन कार्डच्या वेळी स्पष्टीकरण द्यावे लागते ते वेगळेच.

केंद्राचे क्रेडिट बसत नाही म्हणून राज्याचेही नसेल असे समजू नका. न्यू जर्सीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलामागे १००० डॉलरपर्यंत राज्याचे क्रेडिट आहे, उत्पन्न ८० हजारांच्या आत हवे, आणि तिथे आयटिन चालतो. एडिसन, जर्सी सिटीकडची एका पगारावर चालणारी नवी कुटुंबे हे सर्रास सोडून देतात.

रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्यांनी एक बघावे. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याला स्वतःचा पीटीआयएन क्रमांक टाकून सही करावी लागते, आणि हे क्रेडिट लावताना फॉर्म ८८६७ भरून मुलाविषयी चौकशी केल्याची नोंद ठेवावी लागते. ज्याने मुलाचे कार्ड मागितले नाही, दिवस विचारले नाहीत, फी रिफंडच्या टक्क्यात सांगितली आणि सही करायची टाळाटाळ केली, त्याच्याकडून उठून यावे. चूक त्याची असली तरी परतफेड तुमची असते.

चूक आधीच झाली असेल तर नोटिशीची वाट पाहत बसू नका. मूळ रिटर्नवर प्रक्रिया पूर्ण झाली की १०४०-एक्स सोबत सुधारित शेड्यूल ८८१२ (या क्रेडिटच्या हिशेबाचा तक्ता) जोडा आणि फरक भरून टाका. आयआरएसने संपर्क साधायच्या आधी केलेल्या दुरुस्तीला तो २० टक्के दंड सहसा लागत नाही, व्याज मात्र लागते. एकरकमी जमत नसेल तर १८० दिवसांपर्यंतची मुदत कोणत्याही नोंदणी शुल्काविना मिळू शकते, त्याहून लांब हप्ते फॉर्म ९४६५ ने.

पत्र आलेच तर त्याचा प्रकार ओळखा. नंबर जुळला नाही म्हणून हिशेब दुरुस्त करून पाठवलेले पत्र असेल तर ६० दिवसांत हरकत घेता येते. ते दिवस गेले की रक्कम पक्की होते. तपासणीचे पत्र असेल तर साधारण ३० दिवसांत पुरावे मागतात : मुलाचे नाव, तुमचा पत्ता आणि त्या वर्षाच्या तारखा, तिन्ही एकाच कागदावर असतील असे शाळेचे, पाळणाघराचे किंवा बालरोगतज्ज्ञाचे पत्र. नुसता घरभाड्याचा करार पुरत नाही, कारण त्यात बहुधा मुलाचे नाव नसते. आज मूल शाळेत असेल तर असे पत्र दरवर्षी डिसेंबरात मागून फाइलला लावा. दोन वर्षांनी शाळा बदललेली असते. क्रेडिट तपासणीत एकदा नाकारले गेले की पुढच्या वेळी मागताना फॉर्म ८८६२ जोडावाच लागतो. तो विसरला तर पात्र असूनही दावा परत येतो.

दोन्ही जोडीदारांना वेगवेगळी पत्रे येतात आणि त्यांतले एकच वाचले जाते, हाही अनुभव जुना आहे. २०२१ मध्ये जुलै ते डिसेंबर दरमहा २५० किंवा ३०० डॉलर आगाऊ दिले होते, तेव्हा पुढच्या जानेवारीत पतिपत्नींना प्रत्येकी निम्म्या रकमेचे ६४१९ क्रमांकाचे पत्र आले. अनेकांनी एकाच पत्रातला आकडा रिटर्नमध्ये टाकला आणि उरलेले निम्मे दुसऱ्यांदा मागितल्यासारखे झाले.

शेवटी, कायमचे परत आलेल्यांसाठी. आयआरएस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावरच पत्र टाकते आणि ते तुम्हाला मिळाले असेच धरते. भाड्याच्या त्या अपार्टमेंटमध्ये आता दुसरेच कोणी राहते. निघण्याआधी फॉर्म ८८२२ भरून इकडचा पत्ता, पिनकोडसह, कळवा. त्याचा आणखी एक फायदा आहे : कर निश्चितीच्या अंतिम नोटिशीविरुद्ध न्यायालयात जायला एरवी ९० दिवस असतात, पण नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर पाठवलेली असेल तर १५० दिवस मिळतात. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक म्हणून परतलेल्यांना इकडूनही दरवर्षी रिटर्न भरायचेच असते. मूल तुमच्यासोबत राहत असेल तर क्रेडिटही राहते, पण परदेशी कमाई वगळण्याचा फॉर्म २५५५ वापरलात तर रोख मिळणारा भाग जातो. इकडे भरलेल्या कराचे क्रेडिट फॉर्म १११६ वर घेतले तर तसे होत नाही. कुठला फॉर्म घ्यायचा हे पहिल्याच वर्षी दोन्ही बाजूंनी आकडे मांडून ठरवावे, कारण फॉर्म २५५५ ची निवड एकदा मागे घेतली की आयआरएसच्या परवानगीशिवाय पुढची पाच वर्षे ती पुन्हा करता येत नाही.

आपले विश्वासू,
अमेरिकेत करविवरणपत्रांचे काम करणारे दोन मराठी एनरोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेले करसल्लागार),
न्यू जर्सी